हात न लावता

होळीला पंधरा-वीस दिवस उरले की आमच्या कॉलेजातून मला मेल येतो. माजी विद्यार्थिनी म्हणून या, परीक्षक व्हा, मुलांना चार शब्द सांगा. खाली कार्यक्रमांची यादी असते आणि तिच्यात एक नाव दरवर्षी ठरलेलं असतं, चेन रिअ‍ॅक्शन मशीन स्पर्धा. मीही ठरलेलं उत्तर पाठवते. ऑफिसच्या कामामुळे जमत नाही, क्षमस्व. यंदा मेल आला तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीशी उभी होते. कंपाउंडमधली सावर फुलली आहे. तिची जाड लाल फुलं खालच्या गाड्यांच्या टपांवर थप्प थप्प पडत होती आणि वॉचमन ती झाडूनं एका कोपऱ्यात लोटत होता. मी उत्तर लिहायला घेतलं. 'ऑफिसच्या कामामुळे' इथपर्यंत लिहिलं आणि पुढचं काही केल्या लिहवेना.

या दिवसांना धड नाव नाही. सकाळी डोंबिवलीत अजून अंगाभोवती ओढणी घ्यावीशी वाटते आणि अकराच्या सुमाराला कल्याणच्या रस्त्यावर डोळे उघडवत नाहीत. एमआयडीसीचा तो आंबूस वास पहाटेच्या हवेत खाली बसलेला असतो. रसवंतीच्या चाकाला घुंगरू लागलेले असतात. झेरॉक्सच्या दुकानांपुढे जर्नलांचे गठ्ठे घेऊन मुलं उभी असतात, आणि मला त्यांच्या बोटांकडे बघायची सवय आहे. बोटांवर ग्लू-गनचे चटके दिसले की समजायचं, हा कुठल्या तरी स्पर्धेत आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर असे चटके होते. आई त्यांना रोज खोबरेल लावायची आणि विचारायची, "इंजिनिअरिंग शिकतेस की भट्टीवर कामाला जातेस?"

आम्ही तिघं होतो. तिघंही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. मी डोंबिवली पूर्वेची. निखिल कल्याणचा, बोलायला पटाईत, माइक हातात दिला की खूश. आणि हेमंत, ठाण्याच्या कोळीवाड्यातला. यंत्र खरं म्हणजे हेमंतचं होतं. निखिल आणि मी त्याच्याभोवती होतो.

ज्यांनी असं यंत्र पाहिलं नाही त्यांना तो निव्वळ वेडेपणा वाटेल. अगदी साधं काम घ्यायचं आणि ते जितक्या आडवळणानं करता येईल तितकं करायचं. आमच्या वर्षी काम होतं कोऱ्या कागदावर शिक्का मारण्याचं. माणूस ते डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. आम्हाला ते किमान वीस टप्प्यांत करायचं होतं. गोळी घरंगळणार, ती पट्टी पाडणार, पट्टी दोरा सोडणार, दोऱ्याचं वजन खाली येणार, असं होत होत शेवटी शिक्का कागदावर पडणार. पहिली गोळी सोडली की माणसानं बाजूला व्हायचं. नियमांच्या कागदावर पहिलीच ओळ होती, 'हात न लावता'. मध्येच कुठे अडलं तर मोठ्यानं 'टच' म्हणायचं, बोटानं पुढे ढकलायचं आणि गुण कापून घ्यायचे. न सांगता ढकललं तर संघ बाद.

हेमंतचे मामा गणपतीत हलते देखावे करायचे. दहीहंडीचे थर चढताहेत, कृष्ण मान वळवतो आहे, गवळण लोणी घुसळते आहे, असले. पडद्यामागे सायकलच्या चेनी, दांडे, वायपरच्या मोटरी. हेमंत सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्या पडद्यामागे बसलेला. दोरा किती ताणायचा, वजन किती टांगायचं हे तो मोजायचा नाही, हातात घेऊन एकदा खाली-वर करायचा आणि सांगायचा. "हे जास्ती हाय. अजून एक शिसं काढ." जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आमच्या यंत्रात नऊ ठिकाणी होती. मी वहीत सूत्रं मांडून उत्तर काढायचे आणि ते त्याच्या उत्तराशी जुळलं की मला आनंद व्हायचा. नाही जुळलं तर मी माझं गणित पुन्हा तपासायचे.

यंत्र चालू झालं की तो दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवायचा. मी एकदा विचारलं, "असा काय उभा राहतोस रे, पकडून आणल्यासारखा?"

"हाताला सवय असते गं. अडलं की आपणहून पुढे जातो. मामानं लहानपणी फटके देऊन शिकवलंय."

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जागा मिळेना, म्हणून आम्ही हेमंतच्या घराच्या मागच्या पडवीत बसायचो. पत्र्याखाली. समोर आईस बॉक्स, नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग, एक उलटी घातलेली होडी आणि तिच्यापलीकडे खाडीकडे जाणारी वाट. ओहोटी असली की चिखलाचा वास यायचा आणि पत्र्याला टांगलेल्या बोंबलांचा वास तर कायमचाच. हेमंतच्या आईला आम्ही मावशी म्हणायचो. त्या पहाटे मासळीला जायच्या, दुपारी येऊन घटकाभर आडव्या व्हायच्या आणि उठल्या की पडवीच्या पायरीवर बसून आमचा खेळ बघायच्या. "येवढी मेहनत फकस्त शिक्का मारायला?" त्या म्हणायच्या. "माझ्याकडे दे, मी मारते." आणि मोठ्यानं हसायच्या. शिमगा जवळ आला होता. कोळीवाड्यात शिमग्यासारखा दुसरा सण नाही. गल्लीत पोरं सोंगांची तयारी करत होती, बायकांच्या गाण्याचे आवाज यायचे. मावशी कुरकुरायच्या, "सगला गाव बाहेर आणि माझा पोर पत्र्याखाली गोळ्या खेळतंय."

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कधी कोणाला सांगितलेली नाही. घरी मी सांगितलं होतं की आम्ही ठाण्याला एका मैत्रिणीकडे जमतो. आमच्या घरी मासे चालायचे. दर रविवारी बाबा पिशवी भरून आणायचे आणि आई चवीनं करायची. तरीही कोळीवाड्यात जाऊन बसते असं सांगायची माझी छाती झाली नाही. कारण काय, ते मला कोणी शिकवलं नव्हतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी निघाले की गल्लीच्या तोंडाशी मी बॅगेतून डिओ काढायचे आणि ओढणीवर, केसांवर मारायचे. एकदा मागे वळले तर हेमंत माझी विसरलेली वही घेऊन उभा होता. त्यानं वही दिली. दुसऱ्या दिवशी पडवीतले बोंबील नाहीसे झाले होते. मावशी म्हणाल्या, "हेमंतनं हलवायला लावले गो. तुमच्या मशीनला वास लागतो म्हणं."

मला तेव्हा लाज वाटली असं मी आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं.

आमचे पाठक सर त्या वर्षी स्पर्धेचे प्रमुख होते. कडक, पण मुलांसाठी धावपळ करणारे. त्यांचे एक मित्र वागळे इस्टेटमध्ये बाटल्या भरायची यंत्रं बनवायचे आणि त्यांना डिझाइनसाठी नवं माणूस हवं होतं. कॉलेजात त्या वर्षी मेकॅनिकलसाठी कंपन्या जवळजवळ आल्याच नव्हत्या. सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "मी हेमंतचं नाव देणार आहे. त्याच्या हातात जे आहे ते तुमच्यापैकी एकाच्याही मार्कलिस्टमध्ये नाही." सगळ्यांनी बाकं वाजवली. मीही वाजवली. वर्गात पहिली-दुसरी मी यायचे. घरी जाताना मी निखिलला म्हटलं, "छान झालं ना हेमंतचं?" आणि तो काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही यंत्र टेंपोतून कल्याणला नेलं. मैदानात मांडव, मांडवात ओळीनं टेबलं आणि प्रत्येक टेबलाला डेकोरेटरनं जमिनीपर्यंत सॅटिनची गुलाबी झालर लावलेली. प्रवासात एक पन्हळ निखळली होती. पडद्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून केलेली ही पन्हळ, तिच्यातून सायकलच्या बेअरिंगची गोळी वळण घेऊन जायची. ती बसवायचं काम माझं होतं. मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप काढली.

"टेपवर नको ठेवू," हेमंत म्हणाला. "उन्हात सुटते. दोन स्क्रू मार."

"स्क्रूची डोकी दिसतील रे. दिसण्यालापण मार्क आहेत."

"बघ हां."

"बघितलंय. तू तुझं बघ."

तो त्याच्या वजनांकडे वळला. एवढंच बोलणं झालं.

आमची पाळी दुपारी आली. मांडवाखाली हवा हलत नव्हती. निखिलनं माइकवरून झकास प्रस्तावना केली. हेमंतनं पहिली गोळी सोडली, दोन पावलं मागे आला आणि हात पाठीमागे घेतले. यंत्र असं चाललं की तसं ते पडवीत एकदाही चाललं नव्हतं. कॅरमच्या सोंगट्या एकामागून एक आडव्या झाल्या, गाळणीतून वाळू पडली, तराजू झुकला, शिसं तेलाच्या बरणीत सावकाश बुडत गेलं. लोक मोठ्यानं टप्पे मोजत होते. चौदा. पंधरा. सोळा. सतराव्याला गोळी वळणावर आली आणि थांबली. माझ्या जोडावर. टेप मऊ होऊन पन्हळ केसभर खाली बसली होती आणि त्या केसभर उंबरठ्याशी गोळी उभी होती.

हेमंत पुढे झुकला. त्यानं तोंड उघडलं, तो 'टच' म्हणणार होता. म्हटला असता तर आमचे गुण कापले गेले असते, आम्ही कदाचित दुसरे-तिसरे आलो असतो आणि गोष्ट तिथंच संपली असती. मी टेबलाला खेटून उभी होते. झालरीच्या आड माझा गुडघा टेबलाच्या पायाशी होता.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की गुडघा आपोआप लागला. तसं झालं नाही. मी आधी परीक्षकांकडे पाहिलं. एक घड्याळाकडे बघत होते, दुसऱ्या बाई कागदावर काही लिहीत होत्या. मग मी गुडघा मारला. टेबल किंचित थरथरलं, गोळी उंबरठा ओलांडून घरंगळली, आणि अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. शिक्का पडला. निखिलच्या काकांच्या ऑफिसातला जुना शिक्का होता, कागदावर जांभळ्या शाईत 'मंजूर' उमटलं. मांडवभर टाळ्या. निखिलनं मला उचललंच. हेमंत टाळ्या वाजवत नव्हता. तो त्या जोडाकडे बघत होता.

तासाभरानं सरांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी आमचं यंत्र मोबाइलवर टिपलं होतं. सरांच्या कॉम्प्युटरवर आम्ही ते पाहिलं. टेबल हललेलं स्पष्ट दिसत होतं. आणि नेमक्या त्याच वेळी पुढे झुकलेला हेमंत, खांद्यापर्यंत. त्याच्या पाठीमागचे हात चौकटीत नव्हते. मी तर चौकटीच्या पार बाहेर होते, फक्त ओढणीचं एक टोक.

"हे आपोआप हललेलं नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "कोणाचा धक्का लागला?"

खोलीत पंखा फिरत होता. हेमंतनं माझ्याकडे पाहिलं. टेबल कुठून हललं हे झालरीमुळे इतर कोणाला कळलं नसेल, पण त्याची नजर त्या गोळीवर होती आणि धक्का कुठून आला हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? तो रागानं बघत नव्हता. वाट बघत होता. मी सरांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत राहिले. त्या महिन्यात सुट्ट्या किती आहेत, ते मी मोजलं.

"कोणी सांगणार आहे की तिघांनाही बाद करू?" सर म्हणाले.

"माझा लागला असेल, सर," हेमंत म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"लागला."

हा मुलगा हात मागे बांधून उभा राहतो, याचा हात लागूच शकत नाही, एवढं एक वाक्य मी बोलू शकले असते. स्वतःचं नाव न घेताही बोलू शकले असते. निखिलला काहीच माहीत नव्हतं, तो खरोखर चिडला. "क्या यार हेमंत, टच बोलायचं ना सरळ!"

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. ज्यानं कबूल केलं त्याचं नाव वगळून संघाला ठेवू, अशी सरांनीच रदबदली केली होती. प्रमाणपत्रावर दोन नावं छापली गेली. यंत्राच्या नावापुढे, संकल्पनेच्या रकान्यातही तीच दोन.

दोन दिवसांनी सरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. अर्धा-पाऊण तास बोलत होते. जास्त करून हेमंतबद्दल. किती विश्वास होता, किती वाईट वाटलं, कारागीर माणसाला हाताचा मोह आवरायला हवा वगैरे. मी ऐकत होते आणि आता बोलावं, आता बोलावं असं मनात म्हणत होते. मग ते म्हणाले, "वागळे इस्टेटला मी तुझं नाव देतो आहे. सोमवारी जाऊन भेट."

मी म्हटलं, "थँक यू, सर."

बाहेर आले तेव्हा मला रडू फुटलं होतं. कॉरिडॉरमधल्या बाकावर हेमंत बसला होता. त्यालाही नंतर आत बोलावलं होतं. तो माझ्याकडे बघून उठला, जरासा थांबला, आणि म्हणाला, "राहू दे गं." मग रुमाल काढून माझ्यापुढे धरला. मला वाटलं, त्यानं मला माफ केलं. किती सोपं वाटलं मला त्या दिवशी! घरी जाताना मी रसवंतीत उभी राहून रस प्यायले, त्याची चवसुद्धा आठवते, आलं जरा जास्त होतं.

त्यानंतर तो परीक्षेपुरताच कॉलेजात आला. मी सोमवारी वागळे इस्टेटला गेले आणि अजून तिथंच आहे. आज आमच्या विभागाची मी प्रमुख आहे. बाटल्या पट्ट्यावरून येतात, भरल्या जातात, झाकण बसतं, लेबल लागतं, पुढे सरकतात. मी ते काम चांगलं करते. सगळे म्हणतात. हेमंतबद्दल इकडून तिकडून कळायचं. लिफ्टच्या कंपनीत लागला, मग स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. मी आता घोडबंदरला राहते. आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की निळ्या शर्टातला माणूस टूलबॉक्स घेऊन येतो, तेव्हा मी जिन्यानं जाते. तो हेमंत नसतो. तरी जाते.

तर यंदा मी ते ठरलेलं उत्तर पाठवलं नाही. रविवारी दुपारभर बसून सगळं लिहिलं. गोळी, टेप, गुडघा, केबिन, सगळं. हेमंतचं नाव प्रमाणपत्रावर यायला हवं, माझं काढायला हवं, असं स्पष्ट लिहिलं आणि प्राचार्यांच्या पत्त्यावर पाठवून दिलं. पाठक सर तीन वर्षांपूर्वी वारले. सध्याच्या प्राचार्यांना मी ओळखत नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या कॉलेजजीवनातील हृद्य आठवणी पाठवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपला लेख वार्षिक अंकात माजी विद्यार्थ्यांच्या सदरात घेण्यात येईल. कृपया एक पासपोर्ट आकाराचा फोटो पाठवावा.'

मी ते चार वेळा वाचलं आणि ऑफिसात एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काय झालं?" काही नाही म्हटलं. खरंच काही झालं नव्हतं. ज्यांना सांगायचं त्यांच्यापैकी एकच माणूस शिल्लक होता आणि तो माझ्या घरापासून अर्ध्या तासावर राहत होता.

गेल्या रविवारी सकाळी मी कोळीवाड्यात गेले. पत्रे जाऊन घरावर मजला चढला आहे. गल्लीत शिमग्याच्या पताका बांधत होते. दारात मावशी कोलंबी सोलत बसल्या होत्या, पार म्हाताऱ्या झालेल्या, पण बोटं तशीच झरझर चालणारी. मी नाव सांगायच्या आत त्या उठल्या.

"डोंबिवलीची ना गो तू? ये ये, आत ये. हेमंत, बघ कोण आलंय!" त्यांनी ओल्या हातांनी माझे दोन्ही दंड धरले. एवढ्या मायेनं का धरले, ते मला कळेना. मला वाटलं होतं, दारातूनच परत जावं लागेल.

हेमंत जाड झाला आहे, कपाळ मागे गेलं आहे. तो मला वर गच्चीवर घेऊन गेला. इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्या. मुलगी पाचवीत आहे, बायको तिला घेऊन माहेरी गेली होती. मग मी सांगितलं. बारा वर्षं मनात इतक्या वेळा मांडलेलं होतं की बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"गुडघा तुझा होता ते माहितीय मला," तो म्हणाला. "तेव्हाच माहिती होतं. त्यात काय नवीन?"

"मी सरांना सांगितलं नाही, हेमंत. केबिनमध्ये एवढा वेळ होते, पण नाही सांगितलं. त्यांनी मला तुझी नोकरी दिली आणि मी थँक यू म्हटलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. खाली कोणीतरी ढोलकीवर थाप मारून बघत होतं.

"तू रडत बाहेर आलेलीस," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलेलं तू सांगितलंस. सांगितलंस, आणि सरांनी दाबलं. टॉपर मुलगी, कॉलेजचं नाव, म्हणून." तो थांबला. "मी आत गेलो तर सर माझ्याशी नीट बोललेपण नाय. मी म्हटलं, बघ, यांना सगळं माहितीय आणि तरी. मी सरांना शिव्या घातल्यात गं. इतकी वर्षं. ते वारले तेव्हा निरोप आलेला, मी गेलो नाय."

मी म्हटलं, "सॉरी."

"तुझ्यावर माझा राग नव्हता. कधीच नाय. घाबरली, पण शेवटी खरं बोलली, असं मी सगळ्यांना सांगितलंय. बायकोला. आईला." तो कठड्याकडे वळला आणि पाठमोराच बोलला, "तू यायला नको होतं."

"मी जाते."

"थांब. आईला यातलं काय बोलू नको."

"का?"

"ती सत्तरीची हाय. आता तिला नवीन काय सांगत बसू? तिला तू बरी वाटतेस. असू दे तशी."

मी जिना उतरले तेव्हा मावशींनी तीन पानं मांडली होती. "जेवल्याबिगर जायाचं नाय," त्या म्हणाल्या. मी हेमंतकडे पाहिलं. तो मुकाट्यानं पानावर बसला, म्हणून मीही बसले. कोलंबीचं कालवण, भात, तांदळाची भाकरी. मावशी समोर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"तुझं नाव काढते मी कधीमधी," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरावर आळ आला तवा सगला कॉलेज गप ऱ्हायला. तू येकली बोललीस. त्यांनी ऐकलं नाय ते त्यांचं. तू बोललीस ना गो?"

हेमंतनं मान वर केली नाही. तो भातातला काटा शोधावा तशी बोटं फिरवत होता, आणि कोलंबीत काटा नसतो.

"हो, मावशी," मी म्हटलं.

"मग," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक डाव भात वाढला.